चढाची तीव्रता (घाट, लोहमार्ग व रज्जुमार्ग)

चढाची तीव्रता : रस्ता, लोहमार्ग किंवा दोराने ओढले जाणारे वाहन ठरावीक आडव्या अंतरात किती उंची गाठते, हे सांगणारे माप. बर्फाळ डोंगरांवरच्या स्की लिफ्टांची तुलना याच मापाने होते आणि सह्याद्रीतल्या घाटांचीही. सावंतवाडी तालुक्यातला आंबोली घाट कोकणपट्टीतून सुमारे ६०० मी. वर चढतो. निरनिराळ्या साधनांची तुलना करण्यासाठी या नोंदीत तीच उंची प्रमाण मानली आहे.

मापनाच्या पद्धती : चढ तीन प्रकारे सांगतात. रेल्वेत गुणोत्तर चालते. १:३७ म्हणजे ३७ मी. पुढे गेल्यावर १ मी. वर. रस्ते आणि स्की लिफ्टा यांसाठी टक्केवारी वापरतात, तर सर्वसामान्य बोलण्यात अंश येतात. टक्केवारी आणि अंश यांची गल्लत वारंवार होते. १०० टक्के चढ म्हणजे उभा कडा नव्हे. जेवढे आडवे अंतर तेवढीच उंची, म्हणजे ४५ अंश. कडा पूर्ण उभा झाला, तर टक्केवारी अनंत होते.

दुसरी गल्लत भाजकाची. चढ आडव्या अंतरावर काढायचा असतो. प्रत्यक्षात हाती असते ती रुळांची किंवा दोराची तिरपी लांबी. घाटरस्त्याच्या बाबतीत या दोहोंत नगण्य फरक पडतो, पण तीव्र रज्जुमार्गावर तो मोठा होतो. रायगडाचा रज्जुमार्ग सुमारे पाऊण किलोमीटर लांबीत सुमारे ४०० मी. चढतो. दोराच्या लांबीने भागल्यास ५३ टक्के येतात, आडव्या अंतराने भागल्यास ६३ टक्के.

तिसरा भेद सरासरी आणि कमाल चढाचा. कर्जत–लोणावळा लोहमार्ग सुमारे २५ किमी.मध्ये ५५८ मी. चढतो. त्याची सरासरी १:४५ च्या आसपास येते, पण इंजिनाची ताकद ठरवावी लागते ती १:३७ च्या टप्प्यासाठी.

आंबोली आणि शेजारचे घाट : सह्याद्रीचा पश्चिमेकडचा उतार तुटलेला आहे, पूर्वेकडचा सौम्य. त्यामुळे आजऱ्याकडून आंबोलीला येणाऱ्याला फारसा चढ लागत नाही. सावंतवाडीकडून जाणारी गाडी मात्र दाणोली मागे पडल्यावर वळणावळणाने चढू लागते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मी. उंचीवर आहे. सावंतवाडी ते आंबोली हे अंतर ३० किमी.च्या आसपास आहे. सगळी उंची या सगळ्या अंतरावर पसरली, तर सरासरी चढ अडीच टक्क्यांहूनही कमी भरतो. हा आकडा गणिताने बरोबर असला, तरी चालकाच्या उपयोगाचा नाही, कारण जवळजवळ सगळी चढण शेवटच्या टप्प्यात आहे.

वेंगुर्ला बंदरातून बेळगावकडे माल आणि लष्करी सामग्री नेण्यासाठी ब्रिटिश काळात हा मार्ग महत्त्वाचा होता. त्याआधीची मुख्य वाट रामघाटाची. ती जास्त तीव्र असल्याने बैलगाड्यांना जड जाई. पारपोलीच्या बाजूने वळणे घेत आखलेला आंबोलीचा रस्ता लांब पडला, तरी चाकाच्या वाहतुकीला तो सोयीचा ठरला. तिलारी प्रकल्पाच्या निमित्ताने झालेला, दोडामार्ग आणि चंदगड यांना जोडणारा तिलारी घाट याच्या उलट टोकाचा. तिथे अंतर वाचते, पण तीव्र चढ आणि आवळ वळणे अवजड वाहनांना अडचणीची ठरतात.

भारतीय रस्ते महासभेच्या मानकांनुसार डोंगराळ प्रदेशात नेहमीचा चढ ५ टक्के, मर्यादा ६ टक्के आणि अपवाद म्हणून ७ टक्के धरतात. समुद्रसपाटीपासून ३,००० मी.पर्यंतच्या अतिउताराच्या प्रदेशात हेच आकडे ६, ७ व ८ टक्के होतात. आवळ वळणावर गाडीचा जोर आणखी खर्च होतो, म्हणून तिथला चढ मुद्दाम कमी ठेवतात. आंबोलीत वर्षाला सुमारे ७,५०० मिमी. पाऊस पडतो. ओल्या डांबरावर टायरची पकड घटते. त्यामुळे त्याच चढाचा उतार पावसाळ्यात अधिक धोक्याचा होतो.

लोहमार्ग : पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड रबरी टायरच्या मानाने बरीच कमी असते. म्हणून रस्त्याला सहज झेपणारा चढ रेल्वेला झेपत नाही. बोरघाट (१८६३), थळघाट (१८६५) आणि गोव्याच्या हद्दीवरचा कुळे–कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट या तिन्ही ठिकाणी कमाल चढ १:३७ आहे. गाडीला मागून रेटा देण्यासाठी तिथे ‘बँकर’ म्हणून ओळखली जाणारी जादा इंजिने लावतात. बोरघाटात पूर्वी गाडीची दिशा उलटवून चढ विभागणारे स्थानक होते. १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे त्याची गरज संपली.

कोकण रेल्वेने दुसरा पर्याय निवडला. १९९८ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या या मार्गाचा नियामक चढ १:१५० आहे. वेगवान गाड्यांसाठी रूळ शक्य तितके सपाट ठेवण्याची किंमत नव्वदहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल बांधून मोजावी लागली. सावंतवाडी रोड स्थानक याच मार्गावर आहे. तो सह्याद्री न चढता त्याच्या पायथ्याने जातो. १:१५० चा चढ कायम ठेवून आंबोलीची उंची गाठायची झाली, तर ९० किमी. रूळ टाकावे लागतील.

नेरळ–माथेरान ही १९०७ मध्ये सुरू झालेली दोन फुटी रुळांची गाडी १:२० चा चढ केवळ चाकांच्या पकडीवर चढते. तिचा वेग मंद, डबे हलके आणि वळणे अतिशय आवळ आहेत.

दाते आणि दोर : चाकाची पकड अपुरी पडते तिथे रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवून इंजिनाचे दातेरी चाक तीत अडकवतात. निलगिरी पर्वतीय रेल्वेत कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात अशी पट्टी असून कमाल चढ १:१२ आहे. स्वित्झर्लंडमधील पिलाटुस रेल्वे (१८८९) ४८ टक्के चढते. वरून खाली दाबलेले दातेरी चाक इतक्या तीव्र चढावर दात्यांवरून उसळण्याचा धोका असल्याने तिथे पट्टीला दोन्ही बाजूंनी आडवे दाते आहेत.

त्याहून तीव्र चढावर गाडी दोराने ओढतात. फ्युनिक्युलरमध्ये एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे असतात. उतरणाऱ्याचे वजन चढणाऱ्याला मदत करते, त्यामुळे यंत्राला मुख्यतः दोन्हींतल्या वजनाचा फरक आणि घर्षण एवढेच पेलावे लागते. सप्तशृंगगडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते. स्वित्झर्लंडमधील श्टोस येथील फ्युनिक्युलर (२०१७) ११० टक्क्यांपर्यंत चढते. प्रवाशांच्या पायाखालची जमीन सपाट राहावी म्हणून तिचे दंडगोलाकार डबे चढानुसार स्वतःभोवती फिरतात.

स्की लिफ्ट : स्की लिफ्टांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात स्की करणारा बर्फावरच उभा राहतो आणि दोराला जोडलेली दांडी त्याला वर ओढते. जर्मनीतील श्वार्त्सवाल्ड भागात शोलाख येथे रोबर्ट विंटरहाल्डर याने १९०८ मध्ये अशी लिफ्ट उभारली. एर्न्स्ट कॉन्स्टाम याची दावोस येथील लिफ्ट १९३४ ची. इथे लिफ्टचा चढ आणि जमिनीचा उतार एकच असतो. उतार फार तीव्र असेल, तर एकाचा तोल जातो आणि घसरत येऊन तो मागच्यांना पाडतो. म्हणजे या लिफ्टची मर्यादा यंत्रापेक्षा माणसाच्या पायांवर अधिक ठरते.

दुसऱ्या वर्गात प्रवासी अधांतरी असतो. पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेतील सन व्हॅली येथे सुरू झाली. अधांतरी दोराला खालच्या कड्याचे किंवा दरीचे बंधन नसते. डबा दोराला लोंबकळतो, म्हणून चढ कितीही असला तरी डब्याची जमीन आडवीच राहते. मर्यादा येतात त्या दोराची पकड, खांबांमधले अंतर, वारा आणि बंद पडलेल्या डब्यातून माणसे खाली उतरवण्याची सोय यांच्या. गुलमर्गचा गोंडोला एकाच दिशेने अखंड फिरणाऱ्या दोराचा आहे. रायगड (१९९६) आणि जोशीमठ–औली येथे मात्र डबे आलटूनपालटून वरखाली जातात. औलीचा रज्जुमार्ग ३.९६ किमी. लांबीत १,११० मी. चढतो. जोशीमठ खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तो बंद करण्यात आला.

लिफ्टचा चढ आणि स्कीच्या वाटेचा उतार या वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनी व ऑस्ट्रियात २५ टक्क्यांपर्यंतच्या वाटेला निळी, ४० टक्क्यांपर्यंतच्या वाटेला लाल आणि त्यापुढच्या वाटेला काळी खूण असते. तीव्र अधांतरी लिफ्टने वर गेलेला माणूस वळसा घेणाऱ्या निळ्या वाटेने उतरू शकतो.

तुलना : ६०० मी. उंची गाठण्यासाठी लागणारे आडवे अंतर पुढील कोष्टकात दिले आहे. औली व रायगड यांचे आकडे सरासरी चढाचे आहेत, बाकीचे कमाल किंवा नियामक चढाचे. अंतर काढताना चढ सर्वत्र एकसारखा धरला आहे.

| मार्ग | चढ (टक्के) | अंश | अंतर (किमी.) |
|---|---|---|---|
| कोकण रेल्वे, १:१५० | ०.६७ | ०.४ | ९० |
| बोरघाट, थळघाट, ब्रागांझा, १:३७ | २.७ | १.५ | २२.२ |
| नेरळ–माथेरान, १:२० | ५ | २.९ | १२ |
| डोंगराळ रस्ता, नेहमीचा चढ | ५ | २.९ | १२ |
| निलगिरी रेल्वे, १:१२ | ८.३ | ४.८ | ७.२ |
| औली रज्जुमार्ग | २९ | १६ | २.१ |
| पिलाटुस रेल्वे | ४८ | २५.६ | १.२५ |
| रायगड रज्जुमार्ग | सुमारे ६३ | ३२ | ०.९५ |
| श्टोस फ्युनिक्युलर | ११० | ४७.७ | ०.५५ |

चढ वाढतो तसे अंतर घटते, पण वाहून नेता येणारे वजनही घटते. १:३७ वर बँकरच्या जोराने जड मालगाड्या चढतात. दोरावरचा डबा मोजकीच माणसे नेतो. म्हणून सर्वांत तीव्र साधन कोणते, याचे उत्तर त्या साधनाने काय न्यायचे आहे हे ठरल्यावरच अर्थपूर्ण होते. एकाच प्रकारच्या दोन लिफ्टांची तुलनासुद्धा चढ आडव्या अंतरावर काढलेला असेल आणि कमाल चढाशी कमाल चढच ताडून पाहिला असेल, तरच ग्राह्य धरतात.