नदीकडून पाहिलेले किल्ले

कँटनला जायचे तर पर्ल नदीच्या मुखाशी हूमनची अरुंद वाट ओलांडावी लागे. हूमन म्हणजे वाघदरवाजा. तिथले किल्ले १८४१ साली अफूच्या युद्धात इंग्रजांनी घेतले आणि दोनच वर्षांत त्या युद्धाची कोरीव चित्रे लंडनात विकायला आली. त्यांतली काही रचणारा टॉमस अ‍ॅलम हा वास्तुविशारद चीनला कधी गेलाच नाही; इतरांच्या रेखाटनांवरून त्याने चित्रे रचली. ती पोलादी पत्र्यांवर कोरली गेली. पोलाद लवकर झिजत नाही, त्यामुळे हजारो प्रती निघाल्या. एडवर्ड डंकनचे १८४३चे चित्र तर आजही जिथे तिथे दिसते: मधोमध स्फोटाने फुटलेले चिनी लढाऊ जहाज, आकाशात उडालेल्या फळ्या, आणि कडेला नेमेसिस या लोखंडी आगबोटीचे धुराडे. पाहणाऱ्याची समजूत पक्की होते, की जुनाट चीन वाफेपुढे कोसळला.

ही समजूत अर्धवट आहे. मुळात ही तटबंदी जुनाट नव्हतीच. १८३४ साली दोन ब्रिटिश फ्रिगेटी इथल्या तोफांना न जुमानता वर निघून गेल्या. त्यानंतर आलेल्या ग्वान त्येनपेय या सेनापतीने नवे मोर्चे बांधले, नदीत आडवी लोखंडी साखळी टाकली. सारा विचार एकच: जहाज पुढे सटकू द्यायचे नाही. पिछाडी मात्र कच्ची राहिली. ७ जानेवारी १८४१ रोजी इथल्याच चुएनपीला इंग्रजांची सुमारे दीड हजार माणसे दूर किनाऱ्यावर उतरली, त्यांत मद्रासच्या ३७व्या पलटणीचे शिपाईही होते, आणि टेकडीमागून किल्ल्यावर चालून गेली. डंकनचे चित्र याच दिवसाचे, पण त्यात नजर खिळते ती खाडीतल्या आगीवर.

कुणी म्हणेल, मूळ रेखाटने तर युद्धात हजर असलेल्यांचीही होती. खरे आहे, आणि डोंगररेषा बहुधा त्यांनी नीट टिपल्या असतील. पण जहाजावरून किल्ल्याची दिसते ती दर्शनी बाजू, म्हणजे नेमकी त्याची भक्कम बाजू. ती पडलेली दाखवली की श्रेय आपोआप जहाजाला जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २६ फेब्रुवारीला वेलस्ली, मेलव्हिल यांसारख्या मोठ्या जहाजांनी (दोन्ही मुंबईच्या गोदीत बांधलेली) खरोखरच किल्ल्यांवर भडिमार केला. केला, यात वाद नाही. पण आदल्याच दिवशी इंग्रजांनी दक्षिण वांगटाँग या चिन्यांनी मोकळ्या सोडलेल्या नदीतल्या बेटावर तोफा चढवल्या होत्या. शिवाय किल्ल्यांतल्या चिनी तोफा बैठकीवर जखडलेल्या. त्या वळवता येत नसत, आणि जहाजांनी नांगर टाकले ते त्यांच्या माऱ्याची रेघ चुकवून. त्याच दिवशी ग्वान आपल्या मोर्च्यावर मारला गेला.