खडबडीत, मऊ, गुळगुळीत : तान्ह्या बाळाची स्पर्शखेळणी

गडचिरोली : शहरांतील दुकानांत 'सेन्सरी टॉइज' या नावाने तान्ह्या बाळांची खेळणी मांडलेली दिसतात. कुठे उठावदार ठिपक्यांचा रबरी चेंडू, कुठे चुरचुर आवाज करणारे कापडी पुस्तक. बाळाच्या स्पर्शज्ञानाला चालना मिळावी, हा त्यांचा हेतू. हेतू रास्त आहे. पण त्यासाठी मोठा खर्च केलाच पाहिजे असे नाही. गडचिरोली-चंद्रपूरसारख्या वनजिल्ह्यांत अशी साधने घरात आणि परसात सहज मिळतात. मात्र याच रानात बाळाच्या हाती कधीही पडू नयेत अशा वस्तूही आहेत. त्यामुळे निवड जाणतेपणाने करायला हवी.

स्पर्श : पहिली जाणीव

गर्भावस्थेत सर्व ज्ञानेंद्रियांत स्पर्शाची जाणीव सर्वप्रथम निर्माण होते. साधारण आठव्या आठवड्यात ती ओठांभोवती आढळते, तळहात-तळपाय त्यानंतर. जन्मानंतरही ओठ, जीभ आणि बोटे हीच बाळाची जग ओळखण्याची साधने असतात. म्हणूनच हाती आलेली वस्तू बाळ तोंडात घालते, ती केवळ भुकेपोटी नव्हे.

१९७९ मध्ये अँड्र्यू मेल्टझॉफ व रिचर्ड बॉर्टन या संशोधकांनी महिन्याभराच्या बाळांना गुळगुळीत किंवा उठावदार चोखणी न दाखवता चोखायला दिली. नंतर दोन्ही आकार समोर धरले असता बाळे चोखलेल्या आकाराकडे अधिक वेळ पाहत राहिली. पुढील प्रयोगांत दर वेळी हाच निष्कर्ष निघाला नाही. मात्र स्पर्श आणि दृष्टी यांचा मेळ कसा बसतो, या अभ्यासाला त्यातून चालना मिळाली.

वयानुसार काय द्यावे?

पहिल्या तीन महिन्यांत बाळाची मूठ आपोआप मिटते. वस्तू हेतुपुरस्सर धरता येत नाही. या काळात आईची त्वचा हेच उत्तम खेळणे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरण्याची 'कांगारू' पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली, ती आज जगभर स्वीकारली गेली आहे. हलक्या मालिशचाही लाभ आहे. टिफनी फील्ड यांच्या १९८६ च्या अभ्यासात दहा दिवस, दिवसातून तीनदा पंधरा मिनिटे मालिश व हातापायांची हालचाल करून दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन इतरांपेक्षा रोज ४७ टक्के अधिक वाढले. मालिश हळुवार असावी. जोराने रगडणे नव्हे.

चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळ वस्तूकडे हात नेते. तेव्हा मऊ कापडाची, हाती मावणारी वस्तू द्यावी. सहाव्या-सातव्या महिन्यात ते वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेते; आता खडबडीत-गुळगुळीत, जड-हलके असे जोड उपयोगी ठरतात. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा व तर्जनीच्या चिमटीत वस्तू पकडता येते. बारीक वस्तूंचा धोका तेव्हा सर्वाधिक वाढतो.

घरातील साधने

जुन्या लुगड्याची गोधडी हे तयार स्पर्शपट आहे. तिच्या एका कोपऱ्यात मखमल, दुसऱ्यात धुतलेले गोणपाट, तिसऱ्यात खादीचा तुकडा पक्का शिवावा. वाळलेल्या दोडक्याची बिया काढून धुतलेली जाळी, स्टीलची थंड वाटी, लाकडी पळी, सावरीचा कापूस भरून घट्ट शिवलेला कापडी चेंडू, हे सर्व चालते. सागाच्या पानाचा खरखरीत पृष्ठभाग मोठ्यांनी हातात धरून बाळाच्या तळव्याला लावावा. पान त्याच्या हाती देऊ नये.

बांबू हा या भागाचा आधार. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. मात्र बाळाच्या हाती जाणारा बांबू कुसळ राहणार नाही इतका घासलेला, रंग न दिलेला आणि तुटक्या कडा नसलेला असावा.

हे टाळाच

लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण अत्यंत विषारी. अखंड बी कठीण कवचामुळे अनेकदा तसेच बाहेर पडते. माळेसाठी भोक पाडलेले किंवा चावलेले बी प्राणघातक ठरू शकते. खुळखुळ्यात गुंज, एरंड किंवा चंद्रज्योतीच्या बिया भरू नयेत. बिब्ब्याच्या फळातील तेलाने त्वचा भाजते. खाजकुइलीची शेंग मखमलीसारखी दिसते. तिची लव भयंकर खाज आणते.

सुमारे ३२ मिलिमीटरपेक्षा लहान वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते. लांब दोरी, मणी, बटणे आणि बटण-सेल यांपासून बाळाला दूर ठेवावे. विकतचे खेळणे घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे, मात्र नोंदणीकृत हस्तकलाकारांना सूट आहे.

घरापर्यंत पोहोचलेली सेवा

बाळाची काळजी त्याच्या घरातच घेण्याची पद्धत गडचिरोलीतच सिद्ध झाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा दिली. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ वर आला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर सुरू केली. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यातील गृहभेटींची जोड मिळाली असून त्यात बाळाच्या खेळाबाबतही मार्गदर्शन अपेक्षित आहे. केंद्राच्या २०२४ च्या 'नवचेतना' आराखड्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या खेळांची महिनावार दिनदर्शिका आहे.

आहार आणि सोबत

कुपोषणाशी झुंजणाऱ्या भागांसाठी जमैकाचा अनुभव बोलका आहे. तेथे खुंटलेल्या वाढीच्या १२९ बालकांवर दोन वर्षे प्रयोग झाला. काहींना दूध-आहार, काहींना आठवड्यातून एकदा घरी येऊन टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी खेळणे शिकवणारी कार्यकर्ती, तर काहींना दोन्ही मिळाले. १९९१ च्या निष्कर्षांनुसार दोन्ही मिळालेल्या बालकांची प्रगती सर्वाधिक होती. वीस वर्षांनंतर खेळाचा लाभ मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्के अधिक आढळली. या भेटींत आईला बाळाशी बोलायला, त्याच्या प्रतिसादाची वाट पाहायला शिकवले जाई. खेळणे केवळ निमित्त होते. पोटभर अन्न आणि बोलणारे माणूस यांची जागा ते घेत नाही.

बाळ सहा महिन्यांनंतरही वस्तूकडे हात नेत नसेल, एकच हात वापरत असेल किंवा स्पर्शाने सतत बिथरत असेल, तर आशा कार्यकर्ती अथवा बालरोगतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे.