दिल्लीचे मानक आणि मराठीचा ल

दिल्लीच्या बहादूरशहा जफर मार्गावर वृत्तपत्रांच्या कचेऱ्या आहेत, आणि त्याच मार्गावर भारतीय मानक ब्यूरोचे मानक भवनही आहे. सिमेंट कसे असावे, विजेच्या उपकरणांची कसोटी कोणती, ह्याचे नियम ठरविणारी ही संस्था. तिचा मराठी अक्षरांशी संबंध काय, असे कोणासही वाटेल. पण आज आपल्या खिशातील मोबाइलवर मराठी मजकूर उमटतो तो कोणत्या रूपाने उमटावा, ह्या प्रश्नाचा बराचसा निकाल गेल्या सत्तर वर्षांत दिल्लीतच लागत आलेला आहे. त्याची अंमलबजावणी मात्र आता नोएडा आणि गुरुग्राम येथील कचेऱ्यांत बसून मोबाइलचे ॲप तयार करणाऱ्या तरुणांच्या हाती गेली आहे. ह्यांतील अनेकांना मराठी येत नाही, आणि न येणे हा काही अपराध नव्हे. तरीही एखाद्या मराठी मुलाला आपल्या भाषेचा ‘ल’ आपल्या वळणाचा दिसावा की नाही, हे त्यांच्या एका छोट्याशा सूचनेवर ठरते. ही गोष्ट येथवर कशी आली, ते पाहण्यासारखे आहे.

मराठीची आरंभीची देवनागरी छपाई झाली ती महाराष्ट्रात नव्हे, बंगालमध्ये. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. पुढे कॅरीने १८१० साली मराठी कोश काढला तो मोडी खिळ्यांत. बंगालमधील देवनागरी खिळ्यांचे वळण हे उत्तरेकडील लेखकांच्या हातचे होते. मराठी बखरी आणि पोथ्या लिहिणाऱ्यांच्या बोरूतून उतरणारे वळण निराळे. त्याला खिळ्यात आणण्याचे काम मुंबईत झाले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील टॉमस ग्रॅहॅमने खिळे पाडले. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले आणि नंतर स्वतःचे खिळेही तयार केले. त्याच मिशनच्या छापखान्यात लहानपणी काम करून शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या अक्षरांना जो घाट आला तो राणोजी रावजी आरू ह्या कारागिराच्या हाताचा. पोलादाच्या बोटभर कांबीवर उलटे अक्षर कोरावयाचे, ते तांब्यावर ठोकून साचा करावयाचा आणि त्या साच्यात शिशाचा रस ओतावयाचा, असा हा उद्योग. त्या काळच्या संस्कृत ग्रंथांची पाने आजही उघडून पाहावीत. डोळा कोठे अडखळत नाही.

ह्या सौंदर्याची किंमत जुळाऱ्याला मोजावी लागे. रोमन लिपीचा जुळारी एका पेटीवर काम भागवी. देवनागरीच्या जुळाऱ्यासमोर मात्र शेकडो खाने असत, कारण प्रत्येक जोडाक्षराचा खिळा निराळा आणि काना, मात्रा, रफार, उकार ह्यांचे प्रकारही निराळे. मात्रा थरांनी जुळविण्याची ‘डिग्री’ पद्धत आणि पूर्ण उंचीवर अक्षर ओतण्याची ‘अखंड’ पद्धत, असे दोन मार्ग निघाले. पण खिळ्यांची गर्दी कोणत्याच मार्गाने पुरती हटली नाही. बापूराव नाईक ह्यांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर जो मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात ह्या सर्व खटाटोपाचा तपशील सापडतो. ज्याला आजच्या फॉन्टांचा इतिहास जाणावयाचा आहे त्याने तेथूनच आरंभ करावा, असे माझे मत आहे.

यंत्र लिपीला वाकत नसेल तर लिपीनेच यंत्राला वाकावे, असा विचार मग बळावला. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा उद्योग केला. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली: इ, उ, ए ही अक्षरे वेगळी न ठेवता ‘अ’लाच वेलांट्या, उकार आणि मात्रा लावावयाच्या. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर ह्या चळवळीचे एक प्रमुख कार्यकर्ते होते. स्वातंत्र्यानंतर त्यांचे वास्तव्य दिल्लीतच राहिले. १९५३ च्या नोव्हेंबरात लखनौ येथे लिपीसुधार परिषद भरली. यंत्राला सर्वांत मोठी अडचण ऱ्हस्व वेलांटीची होती. ती उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना मात्र आधी. परिषदेने ठरविले की ती उजवीकडे आणावी, दीर्घ वेलांटीसारखीच, फक्त दंड थोडा आखूड. लोकांच्या डोळ्यांना ते मुळीच रुचले नाही, आणि काही वर्षांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. शतकांची सवय एका ठरावाने मोडत नाही.

त्यानंतरचा टप्पा दिल्लीचा. १९६० साली केंद्रीय हिंदी निदेशालय स्थापन झाले आणि १९६६ साली शिक्षण मंत्रालयाने मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली. ह्या वर्णमालेकडे मराठी माणसाने जरा निरखून पाहावे. उत्तरेतील छापखान्यांत अ, झ आणि ण ह्यांची जुनी रूपे निराळी होती. त्यांचा ण तर ‘रा’ची आठवण करून देई. मानक ठरविताना ही तिन्ही अक्षरे मुंबई वळणाची घेतली गेली. आज पाटण्याचे किंवा लखनौचे मूल जो ‘अ’ गिरवते तो आपला ‘अ’ आहे. ह्याचा मराठी जगात फारसा बोभाटा झाला नाही. जे मिळते त्याची आपण सहसा नोंद ठेवीत नाही. उलट ‘ल’ आणि ‘श’ मात्र उत्तरेच्या वळणाचे राहिले. मराठी ‘ल’ला दोन पाकळ्या असतात आणि त्या मध्यावरून लोंबतात, हिंदी ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. मराठी ‘श’चा डावा भाग देठाला लटकलेला, हिंदी ‘श’चा तसा नाही. ह्या निवडीमागचे कारण यांत्रिकही असू शकेल, कारण दंडाचे अक्षर अर्धे करावयाचे तर दंड काढला की झाले. अशी ही देवाणघेवाण झाली, आणि तिचे परिणाम संगणक आल्यावर दिसू लागले.

१९८३ च्या ऑक्टोबरात दिल्लीत तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले. तेथे कानपूरच्या आयआयटीने देवनागरीत चालणारे संगणक-यंत्र मांडले होते. ह्या कामातील मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि ‘जिस्ट’ हे तंत्र तेथून देशभर गेले. दरम्यान दिल्लीतील इलेक्ट्रॉनिकी विभागाने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची संकेतावली तयार केली. तिचे १९८८ चे रूप महत्त्वाचे, कारण १९९१ साली जगासाठी युनिकोड प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातील देवनागरीची मांडणी ह्याच १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली होती. त्याच १९९१ साली मानक ब्यूरोने इस्कीला १३१९४ क्रमांकाचे भारतीय मानक म्हणून मान्यता दिली. म्हणजे न्यू जर्सीत बसून कोणी आपल्या आजीला मराठीत निरोप धाडतो तेव्हा त्या निरोपातील अक्षरांचा क्रम दिल्लीत मांडलेला असतो.

ह्या संकेतावलीची खुबी अशी की तिने अक्षराचे रूप साठविले नाही, त्याचा उच्चारक्रम साठविला. ‘कि’ लिहिताना संगणकाच्या स्मृतीत आधी क आणि मागून वेलांटी जाते; पडद्यावर वेलांटी डावीकडे नेण्याचे काम अक्षरजुळणीचा प्रोग्राम करतो. लखनौच्या परिषदेला जे कागदावर साधले नाही ते स्मृतीत साधले, आणि कोणाच्या डोळ्याला इजाही झाली नाही. जुन्या जुळाऱ्याचे सगळे काम, म्हणजे कोणता खिळा उचलावा, रफार कोठे ठेवावा, मात्रा किती सरकवावी, हे आता हा प्रोग्राम फॉन्टातील सूचना वाचून क्षणार्धात करतो. ह्यासाठी फॉन्ट निराळ्या जातीचा लागतो. रघुनाथ कृष्ण जोशी ह्यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघरी गेला. जोशी मुंबईचे सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत शिकविणारे; त्यांनी बोरूची परंपरा ह्या नव्या यंत्रापर्यंत आणून पोहोचविली. ‘मंगल’ सुंदर आहे की नाही ह्यावर वाद घालता येईल. पण तोपर्यंत कृतिदेव, शिवाजी, शुषा अशा प्रत्येक फॉन्टाचा स्वतःचा गुप्त संकेत असे, आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर पत्र उघडले की रोमन अक्षरांचा चिवडा दिसे; त्या दुखण्यावरचे औषध युनिकोडाचे हे फॉन्टच ठरले.

मोबाइल आला तेव्हा ही सगळी लढाई लहान पडद्यावर पुन्हा लढावी लागली. आरंभीच्या कित्येक फोनांत देवनागरीऐवजी रिकाम्या चौकटी दिसत. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला: मानक ब्यूरोच्या १६३३३ क्रमांकाच्या मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांवर आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. आदेशात आरंभीची तारीख १ जुलै २०१७ होती. चौकटी गेल्या, अक्षरे आली. हा लाभ मोठा आहे.

पण फोनावर अक्षर असणे आणि ॲपमध्ये ते नीट बसणे ह्यांत अंतर आहे. ॲपची बटणे आणि ओळींची उंची बहुधा रोमन अक्षरांच्या मापाने आखलेली असते. तेथे ‘कीर्ती’ घातली की रफार छाटला जातो, ‘तुंबडी’ घातली की उकाराचे पाय जातात. रोमन मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून दोन अक्षरांत मोकळी जागा सोडण्याची रीत आहे. तीच देवनागरीला लावली की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. लांब नाव ठराविक जागेत मावेना म्हणून मध्येच तोडले तर हलन्त उघडा पडतो. मात्रा व्यंजनापासून तुटली तर ती ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून लोंबते. शिवाय देवनागरीच्या फॉन्टात जोडाक्षरांसह कित्येक शे आकृत्या लागतात, त्यामुळे तो ॲपबरोबर द्यावा तर ॲपचे वजन वाढते, न द्यावा तर ज्या फोनात जो फॉन्ट असेल त्याच्यावर भिस्त ठेवावी लागते. मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींनी ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे फॉन्ट कोणालाही विनामूल्य वापरता येतील असे करून दिले आहेत, ही ह्या बाबतीत मोठीच सोय झाली.

मराठीचे म्हणून दोन प्रश्न तरीही उरतात. पहिला अर्ध्या ‘र’चा. ‘आचार्यांना’ बोलावले तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी; दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. हा भेद हिंदीत नाही, त्यामुळे तो विसरला जाण्याचे भय होते. तो टिकला तो एका वेगळ्याच अक्षराच्या आश्रयाने. दक्षिणेतील भाषांचा कठोर ‘र’ देवनागरीत दाखविण्यासाठी संकेतावलीत ‘ऱ’ ठेवलेला होता. त्याला हलन्त आणि पुढे व्यंजन जोडले की आपला पापणीसारखा अर्धा र उमटतो. द्राविड भाषांसाठी राखून ठेवलेल्या ओसरीवर मराठीचे बिऱ्हाड थाटले गेले, एवढेच.

दुसरा प्रश्न ‘ल’ आणि ‘श’चा, आणि तो अद्याप सुटलेला नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरविले. पण युनिकोडात हिंदी ल आणि मराठी ल ह्यांना एकच क्रमांक आहे, आणि ते योग्यच आहे, कारण अक्षर एकच, वळणे दोन. दोन्ही वळणे चांगल्या फॉन्टात शेजारी शेजारी ठेवलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे ॲपने सांगितले तर पाकळीचा ल येतो. काहीच सांगितले नाही तर सहसा दंडाचा. फोनाची भाषा इंग्रजी ठेवलेल्या मराठी माणसाला तर ही सूचना ॲपने निराळी दिल्यावाचून आपली वळणे दिसत नाहीत. मानकाला ह्यात काही उणे वाटत नाही. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो, संस्कृत ह्या साऱ्या भाषा एकाच देवनागरी फॉन्टाने वाचता येतात, आणि मानकाची मागणी वाचता येण्यापुरती आहे.

पहिलीतील मूल पाटीवर पाकळीचा ल गिरवते आणि घरी येऊन फोनावर दंडाचा ल पाहते. कोणता खरा, असे ते विचारते, आणि आई-बाप सहसा फोनाच्या बाजूने निकाल देतात. कित्येक ॲप आता उघडताच वापरणाऱ्याला त्याची भाषा विचारतात. तेथे ‘मराठी’वर बोट ठेवले की यादीतील शब्द मराठीत येतात. पण ते उत्तर फॉन्टापर्यंत पोहोचविण्यासाठी ॲपच्या प्रोग्राममध्ये आणखी एक ओळ लिहावी लागते, आणि ती अनेकदा लिहिलेली नसते.