गाठोड्याचे दार

संगणकावरच्या झिप फाइलवर दोनदा क्लिक केले की ती फोल्डरसारखी उघडते. आतल्या फायलींची नावे, तारखा, आकार समोर येतात. आज त्यात कोणालाच नवल वाटत नाही. प्रत्यक्षात तिथे फोल्डर नसतोच. असते ती एक सलग फाइल. अनेक फायली दाबून, एकीमागे एक रचून बांधलेले गाठोडे. त्या गाठोड्याला खोलीचे रूप देतो तो फाइल मॅनेजर, म्हणजे फायली दाखवणारा, हलवणारा प्रोग्राम. हे रूप कधी हुबेहूब उतरते, कधी अर्धेच. असे का, याचे उत्तर तंत्रात जेवढे आहे तेवढेच इतिहासातही आहे.

सुरुवात चुंबकीय फितीपासून करावी लागते. बेल लॅब्जमधून १९७९ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘टार’ हा प्रोग्राम होता. ‘टेप अर्काइव्ह’ याचे ते लघुरूप. टारची रचना फितीच्या स्वभावाला धरून आहे. प्रत्येक फाइलीच्या आधी ५१२ बाइटांचे एक शीर्षक, मग तो मजकूर, मग पुढच्या फाइलीचे शीर्षक. संपूर्ण गाठोड्याची अनुक्रमणिका कुठेच नाही. आत काय आहे हे कळायला पहिल्यापासून शेवटपर्यंत जावे लागते. पुढे या टारला अखंड दाबून टाकण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा अडचण वाढली. शंभरावी फाइल हवी असेल, तर आधीच्या नव्व्याण्णव उलगडल्याशिवाय तिथवर पोचता येत नाही.

वैयक्तिक संगणकाच्या जगात फिती नव्हत्या, फ्लॉपी होत्या. तिथे १९८५ साली थॉम हेंडरसन यांच्या ‘सी’ या छोट्या अमेरिकन कंपनीने ‘आर्क’ हा प्रोग्राम आणला. फायली एकत्र बांधणे आणि दाबणे ही दोन्ही कामे तो एकदमच करी. पुढच्याच वर्षी जॉन सोचा यांचा ‘नॉर्टन कमांडर’ आला. निळ्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन चौकटी. एकीतून उचलायचे, दुसरीत ठेवायचे. फाइल मॅनेजरचे हे रूप इतके रुजले की पुढे देशोदेशी त्याच्या प्रतिकृती निघाल्या. पण सुरुवातीच्या आवृत्त्यांना आर्कचे गाठोडे ही इतरांसारखीच एक फाइल वाटे. ती सोडायला वेगळा प्रोग्राम चालवावा लागे.

मिलवॉकीच्या फिल कॅट्झ यांनी आर्कचीच गाठोडी कितीतरी वेगाने बांधणारा प्रोग्राम लिहिला. १९८८ मध्ये ‘सी’ने त्यांच्यावर दावा लावला. तडजोड झाली आणि कॅट्झ यांना आर्कचा मार्ग सोडावा लागला. लोकांची सहानुभूती कॅट्झ यांच्याकडे गेली, जणू समोर एखादी बलाढ्य कंपनीच उभी होती. १९८९ च्या आरंभी कॅट्झ यांनी ‘पीकेझिप’ काढले, आणि त्यासोबत झिपच्या रचनेचा तपशील जाहीर करून ती सर्वांना मोकळी केली. या कथेतला निर्णायक क्षण मला हाच वाटतो. कॅट्झ २००० साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारले. प्रत्येक झिप फाइलीच्या खुणांमध्ये ‘पी’ आणि ‘के’ ही त्यांची आद्याक्षरे आजही असतात.

झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबलेली असते आणि सगळ्यांची अनुक्रमणिका गाठोड्याच्या शेवटी असते. अनेक फ्लॉपींवर पसरलेली झिप सोडताना म्हणूनच आधी शेवटची फ्लॉपी मागितली जाई. फाइल मॅनेजरला याहून सोयीची रचना दुसरी नाही. शेपूट वाचले की यादी तयार. हवी ती एकच फाइल उलगडली की काम झाले. आणि रचना जाहीर असल्यामुळे कोणाची परवानगीही लागत नव्हती.

ही वाट पुढच्या लेखकांनी वापरली. स्वित्झर्लंडच्या क्रिस्टियन गिसलर यांचा १९९३ चा ‘विंडोज कमांडर’ (२००२ पासून ‘टोटल कमांडर’) गाठोड्याला उपफोल्डरच मानतो. मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा यांच्या १९९४ च्या ‘मिडनाइट कमांडर’मध्ये टारच्या आतही शिरता येते, पण ते पाहण्या-काढण्यापुरते, तिथे काही लिहिता येत नाही. फितीची मर्यादा फिती गेल्यावरही उरली ती अशी. मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या एक्सपी आवृत्तीपर्यंत झिपला थेट फोल्डरचे रूप दिले. इथे खोलीचा भास सर्वांत पक्का, म्हणून फसगतही मोठी. आतली फाइल उघडून बदल केला, तर तो तात्पुरत्या प्रतीत होतो. गाठोड्यात आपोआप परतत नाही. टोटल कमांडर अशा वेळी ‘पुन्हा बांधू का?’ असे विचारतो. दिसायला भोळा असला तरी हा प्रश्न अधिक प्रामाणिक आहे.

रशियाच्या युजीन रोशाल यांनी १९९३ मध्ये ‘रार’ आणले, तेव्हा दुसरी वाट पुढे आली. रार सोडण्याची संहिता त्यांनी खुली ठेवली. मात्र तिच्या आधारे रार बांधणारा प्रोग्राम करू नये, ही अट घातली. म्हणून बहुतेक फाइल मॅनेजर रार उघडतात, पण बांधत नाहीत. विंडोजने २०२३ मध्ये रार, सेव्हन-झेड व टार उघडायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी त्यांतली शेवटची दोन बांधताही येऊ लागली. रार वाचण्यापुरतेच राहिले. गाठोड्याला दार आहे, पण ते एकाच बाजूने उघडते.

मोकळ्या झिपलाही एक मोठी उणीव होती, आणि ती आपल्याशी थेट संबंधित आहे. झिपमधली नावे मुळात आयबीएमच्या जुन्या अक्षरसंचात लिहायची होती. त्यात देवनागरी नाहीच. ‘दिवाळी अंक’ नावाची फाइल विंडोज एक्सपीच्या झिप फोल्डरमध्ये टाकू गेले, तर नावातली अक्षरे चालणार नाहीत असे सांगून ती नाकारली जाई. मजकुराला हरकत नव्हती, हरकत नावाला होती. २००६ मध्ये झिपच्या जाहीर तपशिलात एक बिट राखून ठेवण्यात आला: तो एक असेल, तर नाव युनिकोडमध्ये आहे असे समजावे. प्रत्यक्ष प्रोग्रामांनी तो पाळायला आणखी काही वर्षे घेतली. तोवर मराठी फायलींना रोमन नावे देण्याची सवय आपल्या हाडीमाशी मुरली होती.

आज ई-पब पुस्तक किंवा वर्डची डॉकएक्स फाइल ही आतून झिपच असते. एखाद्या दिवाळी अंकाची ई-पब आवृत्ती आपल्या संग्रही असेल, तर तिच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ करावा आणि ती फाइल मॅनेजरमध्ये उघडावी. कथा, कविता, मुखपृष्ठ वेगवेगळे दिसतील. जुने अंक संगणकावर जतन करणाऱ्यांनी जागा किती वाचते एवढेच पाहू नये. रचना कुठे छापून जाहीर झाली आहे का, हेही विचारावे. तशी ती असेल, तर पन्नास वर्षांनी एकही जुना प्रोग्राम चालत नसला, तरी तो तपशील वाचून कोणीतरी नवे दार बसवू शकेल.