शासनाचीं अक्षरें आणि कोरणाराचें दायित्व

कल्याणहून येणारा रस्ता ठाणें-पनवेल मार्गास जेथें मिळतो, त्या शीळफाट्यावर उभें राहिल्यास घरांच्या जाहिरातींचे फलक चोहोंकडे दृष्टीस पडतात. ज्यास आज ग्राफिक डिझाइन म्हणतात, त्या विद्येचा हा रोजचा बाजार होय. अक्षर व चित्र यांच्या मांडणीनें लोकांच्या मनांत विश्वास उत्पन्न करणाऱ्या कारागिरास त्या विश्वासाची जबाबदारी कितपत लागते, हा प्रश्न अर्वाचीन मानला जातो. वस्तुतः ह्याच उत्तर कोंकणांत शिलाहारांच्या काळीं तो उपस्थित झालेला होता, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ताम्रपटांचा विचार करूं. अरिकेसरीचा शके ९३९ (इ. स. १०१७) चा दानलेख ठाण्याच्या किल्ल्याजवळ खोदकामांत इ. स. १७८७ मध्यें सांपडला, व त्याचें भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडांत प्रसिद्ध झालें. असल्या पटांची घडण ठराविक असते. याज्ञवल्क्य स्मृतीनें ती सांगितलीच आहे: वंशावळ, दानाचें परिमाण, राजाची मुद्रा व हस्ताक्षर, आणि काळ. शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड असे. पट वाचतां न येणाऱ्या ग्रामस्थासहि कडी, मुद्रा व गरुड पाहून शासन ओळखतां येई. अर्थात् आकृतीच प्रमाणाचें काम करी. आणि जी आकृति प्रमाण ठरते, तिची नक्कल करण्याचा मोहहि तेथेंच उत्पन्न होतो.

हा मोह स्मृतिकारांस ठाऊक होता. कूटशासन करणारास मनूनें वधदंड सांगितला आहे. याज्ञवल्क्य ह्याहून सूक्ष्म आहे. राजशासन कमी किंवा अधिक करून लिहिणारास तो उत्तम दंड सांगतो. मिताक्षरेंत ह्याचा अर्थ दिलेल्या भूमीचें परिमाण घटवून अगर वाढवून लिहिणें असा केला आहे. (विज्ञानेश्वराची कल्याणी ही बीदरकडील, आपलें कल्याण नव्हे.) येथें दंड दान देणारास नसून लिहिणारास आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

ह्याच्या उलट शिलाहार पटांच्या शेवटीं, एखादें अक्षर न्यून अगर अधिक झालें असल्यास तें सर्व प्रमाण समजावें, अशा अर्थाचें वचन आढळतें. ह्या दोहोंत विरोध आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु आमच्या मतें तसा तो नाहीं. हातचुकीनें पडलेल्या अक्षरास क्षमा आहे, बुद्धिपुरस्सर फिरविलेल्या परिमाणास नाहीं. शिवाय शेवटीं लेखकाचें, व पुष्कळदां कोरणाराचेंहि, नांव येतें. कामाखालीं नांव घालणें म्हणजे त्याची जोखीम पत्करणें होय. इतकें असूनहि बनावट पट थोडे झाले नाहींत. फ्लीट यानें इ. स. १९०१ मध्यें ‘इंडियन अँटिक्वरी’त त्यांची मोठी यादीच दिली.

आतां गधेगाळीच्या शिळा पाहूं. परळ येथील अपरादित्याच्या शिलालेखांत (इ. स. ११८७) दानाचा भाग संस्कृतांत असून शापवचन मात्र मराठींत आहे. दान पंडितांस कळावें, धाक सर्वांस बसावा, अशी ही योजना दिसते. ज्यास मराठीहि वाचतां येत नसे त्याच्यासाठीं चित्र असे: वर चंद्रसूर्य, खालीं गाढव व स्त्री. चंद्रसूर्य दानाची मुदत सांगत, खालचें चित्र मोडणाराची गति सांगे. तीन प्रकारच्या वाचकांस एकाच दगडावर संबोधणारी ही मांडणी कुशल आहे, ह्यांत संशय नाहीं.

परंतु कुशल मांडणी न्याय्य असतेच असें नाहीं. शासन मोडणार पुरुष. विटंबना मात्र त्याच्या मातेची. अपराधाशीं जिचा संबंध नाहीं तिचें शरीर गांवच्या वेशीवर कायमचें धाकासाठीं मांडलें गेलें. काळाचा रिवाज म्हणून कोरणारास दोष न देणें योग्य होईल. पण तो दगड पुराव्याचा म्हणून वाखाणतांना ही गोष्ट अनुल्लेखित ठेवणें संशोधकास शोभत नाहीं.

असो. आतां पुन्हा फाट्याकडे वळूं. येथेंच ४ एप्रिल २०१३ रोजीं बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढें स्थावर संपदा अधिनियम, २०१६ प्रमाणें जाहिरातींत नोंदणीक्रमांक देणें आवश्यक झालें, व १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रांत क्यूआर संकेतहि. ही आजची गरुडमुद्राच म्हणावयाची. तिचीहि गति जुन्या मुद्रेसारखीच झाली. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींची महारेरामध्यें नोंदणी करून घेतल्याचें उघडकीस आलें, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्या पाडण्याचा आदेश दिला. कागदावरील शिक्का खरा मानून ज्यांनीं घरें घेतलीं, त्यांच्यावर बेघर होण्याची पाळी आली. कूटशासन ह्या शब्दास ह्याहून स्पष्ट उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

एक भेद मात्र लक्षणीय आहे. सदर अधिनियमाच्या बाराव्या कलमानें जाहिरातींतील खोट्या विधानामुळें झालेल्या नुकसानीची भरपाई प्रवर्तकाकडून मिळते. फलक रचणाराचें नांव त्यांत येत नाहीं, व फलकावरहि तें नसतें. ताम्रपटाच्या तळाशीं जें नांव येई तें आज लुप्त झालें आहे. कायद्यानें तें पुन्हा यावें कीं न यावें हा विधिज्ञांचा प्रश्न; पण परिमाण फुगविलेलें आहे हें जाणूनहि तें सुंदर अक्षरांत मांडणारास स्वतःपुरतें याज्ञवल्क्याचें उत्तर टाळतां येणार नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, पट अगर शिळा प्रसिद्ध करतांना केवळ वाचन देऊन थांबूं नये. मुद्रा, कडी, चित्र, ओळींची रचना व तळचें कारागिराचें नांव ह्या सर्वांचे ठसे घ्यावे. बनावट ठरलेला पटहि टाकून देऊं नये. खऱ्या पटाच्या कोणत्या खुणांवर लोक विश्वास ठेवीत, हें त्यावरूनच उत्तम कळतें.