नांवांच्या गजरांतली आठवण

एकट्याचा हुंदका घशांत अडतो. पुष्कळांच्या सुरांत त्यास वाट मिळते. बारामती-इंदापूरच्या रस्त्यावर हें दरवर्षीं पाहावयास मिळतें. त्यामागील इतिहास थोडक्यांत सांगतों.

तुकाराममहाराजांचें निर्याण इ.स. १६५० मध्यें झालें. धाकटे पुत्र नारायणबाबा तेव्हां मातेच्या उदरांत होते. पित्याचें मुख त्यांनीं पाहिलें नाहीं, आवाजहि ऐकला नाहीं. पस्तिशीच्या सुमारास, १६८५ सालीं, त्यांनीं पित्याच्या पादुका पालखींत ठेविल्या, आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका सोबत घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. ‘ज्ञानबा-तुकाराम’ हा जोडनांवांचा गजर तेव्हांपासून रूढ झाला, असें वारकरी परंपरा मानते. पुढें एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबांनीं ज्ञानेश्वरांची पालखी निराळी काढिली. गजर मात्र दुभंगला नाहीं.

देहूची पालखी आजहि बारामतीस मुक्काम करिते. पुढें बेलवाडीस व इंदापुरास रिंगण होतें. टाळकऱ्यांच्या रांगेंत गतवर्षींचा एखादा सोबती नसतो. त्याच्या जागीं दुसरा उभा राहतो. टाळ त्याच ठेक्यावर पडतात. कोणी सांत्वनाचे शब्द बोलत नाहीं. मात्र गजर चालू असतां डोळे पुसावयास कोणास आड व्हावें लागत नाहीं.

ज्या पुत्रानें पित्याचा आवाज ऐकला नाहीं, त्यानें पित्याचें नांव सहस्रावधि कंठांत ठेवून दिलें.