चापेकर चौक ते मार्सेलिस: माणूस हवाली करण्याचे नियम

चिंचवडच्या चापेकर चौकातून आपल्यापैकी कितीतरी जण रोज जातात. प्रत्यार्पणाची, म्हणजे एका देशाने आरोपीला दुसऱ्या देशाच्या हवाली करण्याची गोष्ट मला इथूनच सांगायचीय.

१८९७ साली पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यापायी चिंचवडचे तिघे चापेकर बंधू फासावर गेले. ते ऐकून भगूरच्या शाळकरी विनायक सावरकरांनी सशस्त्र लढ्याची शपथ घेतली.

पुढे डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचा कलेक्टर जॅक्सन मारला गेला. पिस्तुलं लंडनहून सावरकरांनी पाठवली, असा आरोप झाला. त्यांना भारतात आणायला प्रत्यार्पण लागलंच नाही. साम्राज्य एकच, त्यामुळे १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा कायदा पुरेसा होता.

पण ८ जुलै १९१० ला मार्सेलिस बंदरात सावरकर बोटीतून निसटले आणि पोहत धक्क्यावर पोचले. आता पायाखाली जमीन फ्रान्सची! तरी फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून थेट ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या ताब्यात दिलं. ना मागणीचा अर्ज, ना न्यायाधीश.

फ्रान्सने त्यांना परत मागितलं. वाद हेगच्या लवादाकडे गेला. तो चालू असतानाच मुंबईत दोन जन्मठेपा सुनावून झाल्या. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल काय? हवाली करताना नियम चुकला, पण माणूस परत द्यायचं बंधन नाही!

आज आपल्याकडे १९६२ चा प्रत्यार्पण कायदा आहे. परदेशाने कुणाला मागितलं तर आधी मॅजिस्ट्रेट चौकशी करतो. गुन्हा राजकीय असेल तर माणूस देत नाहीत. ज्या गुन्ह्यासाठी नेलं, साधारणपणे त्याचाच खटला चालवता येतो. गंमत बघा, १९९३ च्या दुरुस्तीनंतर खून हा 'राजकीय' गुन्हा धरलाच जात नाही. म्हणजे 'माझा गुन्हा राजकीय' हा बचाव आज सावरकरांनाही जड गेला असता. पण न्यायाधीशासमोर उभं राहायला तरी मिळालं असतं.

हेच नियम आपल्यालाही बांधतात. २००५ मध्ये पोर्तुगालने अबू सालेमला दिलं, ते फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, या आपल्या हमीवर. मुंबई बॉम्बस्फोटांतल्या आरोपीला दिलेली ही हमी कुणाला आवडेल? तरी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शब्द पाळावाच लागेल.

मला हे पटतं. नावडत्या माणसासाठी मोडलेला नियम उद्या आपल्या माणसाच्या कामी येत नाही. मार्सेलिसच्या धक्क्यावर तेच तर घडलं होतं.